यूकेत प्रायव्हेट हायरचं लायसन्स काढताय? या चुका टाळा

मिनीकॅबचं, म्हणजे आधी बुक करून मिळणाऱ्या प्रायव्हेट हायर टॅक्सीचं लायसन्स म्हणजे फॉर्म भरला, फी भरली, मेडिकल झालं की संपलं, असं समजून आपली बरीच मंडळी अर्ज टाकतात आणि मग कौन्सिलचं (इथली स्थानिक पालिका) पत्र आलं की रात्री अकराला फोन येतो, "दादा, रिफ्यूज केलं ओ, आता काय करू?" मी स्वतः इंग्लंडात बरीच वर्षं गाडी चालवतोय, दोनचार जणांचे फॉर्मही भरून दिलेत, म्हणून लिहितोय. लंडनचं टीएफएलकडे, म्हणजे तिथल्या वाहतूक संस्थेकडे असतं, त्यांचा कायदा वेगळा, हे इंग्लंडातल्या बाकीच्या कौन्सिलांबद्दल आहे.

पहिली गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा. १९७६ च्या कायद्यानुसार तुम्ही 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे या कामाला लायक आणि भरवशाचे, आहात अशी खात्री पटल्याशिवाय कौन्सिलला लायसन्स देताच येत नाही. तुम्ही वाईट आहात हे त्यांनी दाखवायचं नसतं, चांगले आहात हे तुम्ही दाखवायचं असतं. सरकारची २०२० ची स्टँडर्ड्स आहेत, त्यात ऑफिसरने स्वतःला विचारायचा प्रश्नच दिलाय: माझ्या जिवाभावाच्या माणसाला, दिवसा असो की मध्यरात्री, एकटं या ड्रायव्हरच्या गाडीत पाठवीन का? पारडं 'नाही'कडे झुकलं की विषय संपला, संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. हे कडक वाटतं, पण रॉदरहॅम शहरात लहान मुलींचं जे लैंगिक शोषण झालं आणि त्यात काही टॅक्सीवाल्यांचा हात होता, ते २०१४ च्या रिपोर्टमध्ये वाचलं की कडक वाटायचं बंद होतं.

आता चुका. सगळ्यात मोठी म्हणजे लपवणं. आमच्या ओळखीतला एक जण, सांगलीकडचा, स्वभावाने एकदम सरळ, त्याला सिग्नलला मोबाईल हातात धरला म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट्स पडलेले, पण कोर्टात गेलो नाही म्हणजे तो गुन्हा नाही असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने फॉर्ममध्ये गुन्ह्यांच्या रकान्यात 'नन' (काही नाही) लिहून टाकलं. डीव्हीएलएचा (ड्रायव्हिंग लायसन्स देणारी सरकारी संस्था) चेक कोड कौन्सिलला दिला की सगळं दिसतं हे त्याच्या लक्षातच नाही आलं. कौन्सिलच्या लायसन्सिंग समितीसमोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न, मोबाईलबद्दल नाही, "हे लिहिलं का नाही?" तिथेच गेला तो. मोबाईलचा गुन्हा असेल तर तसंही पाच वर्षं थांबा असं स्टँडर्ड्स सांगतात, पण खोटं लिहिल्याचा डाग वेगळाच लागतो. आणि मग याने काय केलं, तर शेजारच्या कौन्सिलमध्ये अर्ज. रिफ्यूज झालेल्यांचं एक नॅशनल रजिस्टर आहे, २०२३ पासून प्रत्येक कौन्सिलला ते बघावंच लागतं, आणि नोंद ११ वर्षं राहते. झालं.

"ते जुनं आहे, स्पेंट झालंय", म्हणजे ठरावीक वर्षं उलटल्यावर जुना गुन्हा सांगावा लागत नाही, हे पण चालत नाही बरं का. टॅक्सी ड्रायव्हरना त्या नियमातून वगळलंय, त्यामुळे जुनी शिक्षा, पोलिसांची कॉशन (अधिकृत ताकीद) हेही विचारात घेतात. दारू पिऊन गाडी चालवली तर शिक्षा किंवा बंदी संपल्यापासून सात वर्षं, मारामारीच्या गुन्ह्याला शिक्षा संपल्यापासून दहा, लैंगिक गुन्हा असेल तर दार बंदच.

आपल्या लोकांची खास भानगड म्हणजे नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर नाही, बँकेत तिसरंच स्पेलिंग, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या ताई माहेरचं नाव लिहायचंच विसरतात. एन्हान्स्ड डीबीएसला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या सखोल तपासणीला, आजपर्यंत वापरलेली सगळी नावं आणि पाच वर्षांचे पत्ते सलग लागतात, मधे मित्राकडे दीड महिना सोफ्यावर झोपला असाल तर तेही लिहा. सर्टिफिकेट आलं की त्यावरच्या तारखेपासून ३० दिवसांत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नाव घाला, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि सलग तीन महिने किंवा जास्त यूकेबाहेर राहिला असाल तर तिथलं चारित्र्याचं सर्टिफिकेट मागतात. भारताचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) इथूनही निघतं, फक्त शेवटच्या आठवड्यात पळापळ करू नका.

स्टुडंट व्हिसावाल्या पोरांनो, तुम्हाला सेल्फ-एम्प्लॉइड काम करताच येत नाही, त्यामुळे "फक्त वीकेंडला चालवतो" वगैरे डोक्यातून काढा. दुसऱ्याच्या नावावर चालवायचं तर बोलूच नका.

समितीपुढे "बायको-पोरं आहेत, हप्ते आहेत" हे रडगाणं लावणं ही पण चूकच. कोर्टांनी सांगून ठेवलंय की ड्रायव्हरची घरची परिस्थिती इथे बघायचीच नाही, पॅसेंजरची सेफ्टी बघायची. त्यापेक्षा काय चुकलं आणि त्यानंतर काय बदललं ते बोला, कोर्सचं सर्टिफिकेट, मालकाचं पत्र असं काहीतरी हातात घेऊन जा.

लायसन्स मिळाल्यावरही सुटका नाही. अटक झाली, चार्ज लागला, तर ४८ तासांत कौन्सिलला कळवा, केस पुढे सुटली तरी न कळवणं अंगाशी येतं. रिन्यूअलला एचएमआरसीचा (इथलं टॅक्स खातं) टॅक्स चेक कोड लागतो, तोही आधी काढून ठेवा.

आणि रिफ्यूज झालंच तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करायला फक्त २१ दिवस असतात. ऑफिसरला लांबलचक ईमेल करत बसू नका, लोक त्यातच तीन आठवडे घालवतात आणि मग मला फोन करतात.