‘क्लॉय’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि मूळ कसे उलगडावे

पंगतीत श्रीखंडाची तिसरी वाढ पानात पडते, आणि मघापर्यंत हवीहवीशी वाटणारी तीच चव आता नकोशी होऊन तोंडाला मिठी बसते. या अवस्थेसाठी इंग्रजीत ‘क्लॉय’ हे क्रियापद आहे. कोशात त्याचा अर्थ ‘अति भरणे’ किंवा ‘वीट आणणे’ असा एका ओळीत मिळतो, पण तेवढ्यावर हा शब्द नेमका वापरता येत नाही.

प्रथम वाक्यातला कर्ता पाहावा. तडस लागेपर्यंत भाकरी खाल्ली तर तिथे ‘गॉर्ज’ शोभेल. ‘क्लॉय’साठी मात्र मुळात सुखद असलेली, बहुधा गोड वस्तू लागते, आणि तिच्या अतिरेकानेच तिचा वीट यावा लागतो. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात अँटनीचा साथीदार एनोबार्बस म्हणतो, की इतर स्त्रिया ज्या भुकेला खाऊ घालतात तिलाच विटवतात, पण क्लिओपात्रा जिथे सर्वाधिक तृप्त करते तिथेच भूक वाढवते. ‘क्लॉय’चा अर्थ यापेक्षा नेमका क्वचितच कुठे सापडेल.

त्यानंतर मुळाकडे वळावे. त्यासाठी अर्थ कालक्रमाने देणारा कोश घ्यावा. 1884 ते 1928 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा थोरला कोश तसा आहे. मध्ययुगीन इंग्रजीतील ‘अक्लॉय’ या रूपाचा आरंभीचा ‘अ’ गळून ‘क्लॉय’ उरले. ते जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याच्या बुडाशी लॅटिन ‘क्लाव्हुस’, म्हणजे खिळा, हा शब्द आहे. नाल ठोकताना नालबंदाचा हात चुकला आणि खिळा खुराच्या जिवंत भागात शिरला, की घोडा लंगडतो. या इजेला हे क्रियापद लावत. पुढे तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, खिळा ठोकून ती निकामी करणे, मग कोणतीही वाट बुजवणे, आणि अखेर गोडाने भूक बुजवणे, असा अर्थ सरकत गेला. मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये, कारण आपणही चालत्या कामात कोणी ‘मेख मारली’ असे म्हणतो, तेव्हा खिळ्यावरूनच अडथळ्याकडे गेलेलो असतो.

मूळ हाती लागले की त्याची सोयरीक तपासावी. मसाल्याच्या डब्यातली एक लवंग तळहातावर घ्यावी: वर गोल डोके, खाली निमुळती दांडी, हुबेहूब छोटा खिळा. म्हणूनच फ्रेंचांनी तिला खिळ्याचे नाव दिले, आणि त्यावरून इंग्रजी ‘क्लोव्ह’ आला. लसणाच्या पाकळीचा ‘क्लोव्ह’ मात्र निराळा आहे. तो फाटणे, दुभंगणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दकुळातला. तुंबणे या अर्थाचा ‘क्लॉग’ही जवळचा वाटतो, पण तो मूळचा लाकडी ओंडका, म्हणजे आपले लोढणेच, आणि खिळ्याशी त्याचे नाते जोडू नये.

शेवटी मराठी शब्द निवडावा. हल्ली क्रियापदापेक्षा ‘क्लॉइंग’ हे विशेषणच अधिक भेटते. ते खाण्याविषयी असेल तर ‘मिठी बसवणारे’, अत्तराविषयी असेल तर ‘डोके धरणारा गोड वास’ आणि भावविवश लेखनाविषयी असेल तर ‘गुळचट’ असे लिहावे. तिन्ही ठिकाणी ‘अति भरलेले’ लिहिले, तर त्यातला गोडवाच हरवतो.