घरात अहिराणी, शाळेत मराठी: पहिलीच्या बाईंसाठी

धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या खेड्यात पहिलीचा वर्ग हाती आला असेल, तर पालकसभेत ‘घरी मराठीच बोला’ हे वाक्य तेवढं टाळा. आजीला येते अहिराणी. तिला मराठी बोलायला लावलं की ‘जेवलास का, झोप आता’ यापुढे गाडी सरकत नाही. गोष्टी बंद, कोडी बंद, भांडणंसुद्धा बंद. पोराचं मराठी वाढत नाही ते नाहीच. दोन भाषांनी डोकं गोंधळतं ही भीती फार जुनी. १९६२ साली पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, त्यात फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली. मुलं निवडून घेतली होती, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तच आहे. पण मागे पडली, असं काही दिसलं नाही.

सुरुवातीला काही पोरं तोंडच उघडत नाहीत. उघडायला लावू नका. ‘दप्तर खुंटीला अडकव’, ‘खडू आण’ असं सांगा आणि हातवारे करा. काम बरोबर केलं म्हणजे समजतंय. बोलणं मागून येतं.

मग भरीत घ्या. खरंच, भरीतच घ्या. ‘तुझी आजी भरीत कसं करते?’ हे आधी अहिराणीत सांगू द्या: वांगी काड्यांवर कशी भाजली, मिरच्या किती, कांद्याची पात कधी टाकली. मधे बोलू नका. मग तेच मराठीत सांगायला लावा. काय सांगायचं ते डोक्यात तयार असतं, शोधायचे फक्त शब्द. पुस्तकातल्या समुद्रकिनाऱ्याच्या धड्यावर हे जमत नाही. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला कुठे असतो!

पोरगं म्हणेल, ‘बाई, माले भूक लागनी.’ बहुतेक बाई लगेच ‘हो का, तुला भूक लागली?’ म्हणून पुढे जातात. गोड वाटतं, पण पोराला वाटतं बाई भुकेबद्दलच बोलतायत. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच टिपलं. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अशा नुसतं बरोबर वाक्य म्हणून दाखवण्याच्या होत्या, आणि मुलं त्यावरून स्वतःचं वाक्य फार कमी वेळा सुधारत होती. पोराकडूनच काढून घेतलेलं जास्त उपयोगी ठरलं. म्हणून थांबा आणि विचारा, ‘शाळेच्या भाषेत कसं म्हणशील?’ मात्र एका वेळी एकच चूक धरा. आणि पोरगं रडत आलं असेल तर व्याकरण राहू द्या, आधी डबा उघडा.

दोन भाषा एका वाक्यात मिसळल्या तर घाबरायचं कारण नाही. आपणही तेच करतो.

खरी गफलत तिसरीत होते. पोरगं मैदानावर फडाफडा मराठी बोलतं, आणि ‘उरलेल्या रकमेच्या निमपट’ आलं की गप्प. लगेच शेरा पडतो: गणितात कच्चा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडात स्थलांतरित मुलांच्या नोंदी पाहून सांगितलं की गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत बरोबरी गाठायला पाच ते सात लागतात. मराठी आणि अहिराणी जवळच्या, म्हणून आकडे जसेच्या तसे धरू नका. पण फरक तोच आहे. शाब्दिक उदाहरण आधी अहिराणीत सांगून बघा. उत्तर आलं, तर गणित पक्कं आहे, मराठी कच्चं आहे. औषध वेगळं लागेल: वजाबाकीचा तक्ता पुन्हा गिरवून घेऊ नका, ‘उरलेले’, ‘प्रत्येकी’, ‘एकूण’ हे शब्द बाजाराच्या हिशेबात वापरून घ्या.

एक मात्र बघून ठेवा. पोरगं घरी अहिराणीतही अडखळत असेल, सांगितलेलं कळत नसेल, तर ‘दोन भाषांमुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नका. खरी अडचण असली की ती दोन्ही भाषांत दिसते. आईला वर्गाबाहेर बोलावून विचारा, आणि आधी कान तपासून घ्यायला सांगा.