फुकटच्या केसला वकील कसा मिळवावा, आणि मिळाला की कसा टिकवावा

बार असोसिएशनच्या निवडणुका झाल्या की समित्यांची वाटणी होते. क्रीडा समितीला उमेदवार रांगेत असतात, ग्रंथालयालाही कुणी ना कुणी मिळतं. विधी सहाय्य समिती मात्र मीटिंगला वेळेवर येऊन बसलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात ती अशीच पडली आणि नंतर सुटली नाही. तुमच्याही पडली असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. मी कौटुंबिक आणि फौजदारी कामं करते, त्यामुळे उदाहरणं त्याच बाजूची येतील.

पहिलं काम कागदावरचं आहे. विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, काम आणि वकिलाने स्वतःहून विनामूल्य केलेलं काम, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले लोक, आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत वकील मिळतो, आणि यांचं उत्पन्न बघितलं जात नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. प्राधिकरणाच्या यादीवरच्या, म्हणजे पॅनेलवरच्या, वकिलाला या कामाचं मानधन मिळतं, आणि पक्षकाराकडून त्याने एक पैसाही घ्यायचा नसतो. तुमच्या दारात आलेला माणूस कलम १२ मध्ये बसत असेल तर त्याला आधी तालुका समितीच्या किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा. कोर्ट फी आणि समन्सचा खर्चही तिकडून सुटतो.

मग आपल्याकडे उरतं कोण? ज्याचं उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर आहे पण वकिलाची फी झेपणार नाही, असा माणूस. ज्याला कोर्टात जायचंच नाही, फक्त आलेल्या नोटिशीला धड उत्तर द्यायचंय, असा माणूस. बचत गट, छोट्या सोसायट्या, ज्यांना नियमावली कुणीतरी वाचून द्यायला हवी असते. स्वयंसेवक वकील लागतो तो इथे. जे प्राधिकरणाने करायचं तेही स्वयंसेवकांच्या डोक्यावर घातलंत, तर तीन महिन्यांत यादीतली निम्मी नावं फोन उचलणार नाहीत.

आता मागायचं कसं. बारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इच्छुक वकिलांनी नावे द्यावीत’ असं आवाहन टाकलं, की अंगठे भरपूर येतात आणि नाव एकही येत नाही. वकील मंडळी कंजूष असतात म्हणून नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत, नियम ४६ मध्ये, गरजू माणसाला आपल्या ऐपतीनुसार विनामूल्य मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक म्हटलं आहे. तो नियम मनापासून मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांना भीती असते ती वकीलपत्राची, म्हणजे पक्षकारातर्फे उभं राहण्यासाठी कोर्टात द्यायच्या कागदाची. एकदा वकीलपत्र दाखल झालं की सबळ कारणाशिवाय आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय अंग काढून घेता येत नाही. दिवाणी दावा किती वर्षं चालेल हे कुणी सांगत नाही. म्हणजे आज ‘हो’ म्हणायचं आणि मुलगी कॉलेजला जाईपर्यंत तारखा घ्यायच्या!

म्हणून एका माणसाला, एकच काम, शेवट दाखवून मागायचं. माझा निरोप साधारण असा असतो:

‘सर, भाड्याची खोली खाली करण्याची नोटीस आली आहे. उत्तराला पंधरा दिवस आहेत. कागद चार: नोटीस, करार, दोन पावत्या. फक्त उत्तर लिहून द्यायचंय. पुढे दावा लागला तर तो मी दुसऱ्याकडे बघेन, तुमच्यावर येणार नाही. गुरुवारपर्यंत हो की नाही तेवढं कळवा. नाही म्हणालात तरी पुढच्या वेळी विचारीनच.’

यातलं शेवटचं वाक्य गमतीचं नाही. नाही म्हणायची सोय असली की माणूस खरं उत्तर देतो, आणि संकोचापायी घेतलेली फाइल कपाटात पडून राहण्यापेक्षा खरा नकार हजारपट बरा. आणि दावा दुसऱ्याकडे बघेन म्हटलं असेल, तर तो खरंच दुसऱ्याकडे द्यायचा. एकदा का हा शब्द मोडला की बार रूममध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

कोर्टातलं काम द्यायचंच असेल तर ते तोडून द्या. अंतरिम पोटगीच्या अर्जापर्यंत एक, साक्षीपुराव्याला दुसरा. वकीलपत्रावर सुरुवातीपासून दोन नावं घाला. पक्षकाराला मात्र हे पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत, कागदावर लिहून द्यायचं: कोण काय करणार, काय करणार नाही, खर्च कोण देणार. त्यावर त्याची सही. फुकटच्या कामाला कागद कशाला, असं म्हणणारे सिनिअर भेटतील. त्यांना हसून चहा पाजा आणि कागद करा.

ज्युनिअर पोरापोरींकडे वेळ असतो, उत्साह असतो, पण उलटतपासाला उभं राहायची धास्ती असते. सिनिअरकडे अनुभव असतो, वेळ नसतो. जोडी लावा, हे कुणीही सांगेल. कुणी सांगत नाही ते असं, की ज्युनिअरला विचारण्याआधी त्याच्या सिनिअरला विचारायचं, आणि तेही ज्युनिअर समोर नसताना. नाहीतर ते पोरगं ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणतं, साहेबांना विचारायचा धीर होत नाही, आणि पंधरा दिवस वाया जातात. साहेबांना आधीच सांगितलं, ‘तुमच्याकडची मुलगी चांगलं ड्राफ्टिंग करते, महिन्यातून एक काम तिला देऊ का?’ तर कौतुक त्यांचंही होतं आणि परवानगीही मिळते.

खर्चाचं बोलायला लोक लाजतात, आणि गाडं तिथेच अडतं. वकील फी घेत नाही, पण झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, तिकिटं, नकलांचा अर्ज, रजिस्टर पोस्ट हे फुकट होत नाही. हे पैसे वकिलाच्या खिशातून गेले तर तो एकदा करतो, दुसऱ्यांदा टाळतो. पक्षकाराने ‘खर्चापुरते’ वकिलाच्या हातात दिले, तर खर्च कुठे संपला आणि फी कुठे सुरू झाली हे देवालाही कळत नाही. समितीचा छोटा निधी ठेवा, त्यातून रक्कम आधी द्या, पावत्या मागून घ्या. बिल सादर करा, मंजुरी घ्या, मग मिळतील, अशी सरकारी पद्धत इथे आणू नका. दीडशे रुपयांच्या झेरॉक्ससाठी कोण अर्ज करत बसणार?

सगळ्यात मोठी अडचण तारखेची. स्वयंसेवकाचं फीचं मॅटर वरच्या कोर्टात आणि फुकटचं खालच्या कोर्टात, दोन्हींचा पुकारा साडेअकराला. तो कुठे जाणार हे सांगायला नको, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही, त्याचं घर त्या फीवर चालतं. समितीत एक जण फक्त यासाठी ठेवा. आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मॅटर्सची यादी, बघायचा, आपली मॅटर्स शोधायची, वकिलाला फोन करायचा. तो अडकला असेल तर दुसऱ्याने उभं राहून पास ओव्हर (त्याच दिवशी थोड्या वेळाने पुकारा) मागायचा किंवा कारण सांगून मुदतीचा अर्ज द्यायचा, आणि पुढची तारीख पक्षकाराला त्याच दिवशी कळवायची. एवढं एक काम नीट झालं तरी पुढच्या वर्षी स्वयंसेवक वाढतात. अध्यक्षांमार्फत न्यायाधीशांना भेटून अशा मॅटर्ससाठी दिवसाची ठराविक वेळ मिळते का, हेही विचारून बघावं. मागणी फक्त वेळेची, बाकी कशाचीही नाही.

आता सन्मानाकडे. ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो, कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं. बहुतेक ठिकाणी शाल त्याच तीन-चार खांद्यांवर पडते, कारण निवड करणाऱ्यांना तीच नावं आठवतात. ज्या मुलीने वर्षभर कारागृहात जाऊन कच्च्या कैद्यांचे जामीनअर्ज लिहिले ती मागच्या रांगेत खुर्च्या लावत असते. शाल द्यायला माझी हरकत नाही. पण शाल ही शेवटची गोष्ट आहे, आणि नावं आठवणीतून काढायची नसतात, रजिस्टरमधून काढायची असतात.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं? परदेशात तास मोजतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमात वर्षाला ५० तासांचं उद्दिष्ट आहे, आणि न्यूयॉर्क राज्यात २०१५ पासून सनद मिळण्याआधीच ५० तासांचं असं काम दाखवावं लागतं. आपल्या जिल्हा न्यायालयात तास मोजणं निरर्थक आहे. पुकाऱ्याची वाट बघण्यातच दुपार जाते. आपण हजर राहिलेल्या तारखा मोजाव्यात, लिहिलेले अर्ज, कैफियती आणि नोटिशीची उत्तरं मोजावीत, कारागृहाच्या भेटी मोजाव्यात. जिंकलेल्या केसेस मात्र मोजू नका. त्या मोजायला लागलात की सोप्या केसेसना वकिलांची रांग लागते आणि अवघड माणूस पुन्हा बाकावर बसून राहतो. सक्तीच्याही मी विरोधात आहे. सक्तीने आलेला वकील तारीख घेतो, काम करत नाही.

काम संपल्यापासून आठवड्याच्या आत समितीच्या लेटरहेडवर पत्र द्या. ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल’ वगैरे नको. ‘भाड्याच्या नोटिशीचं उत्तर आपण चार दिवसांत दिलंत, करारातलं मुदतवाढीचं कलम आपल्या लक्षात आलं, त्यावर पुढचा सगळा बचाव उभा राहिला’ असं लिहा. असं पत्र माणूस जपून ठेवतो. ज्युनिअरला त्याचा व्यवहारातही उपयोग होतो, प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करताना जोडायला काहीतरी हाताशी राहतं. ‘वरिष्ठ वकील’ हा अधिकृत दर्जा देण्याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गुण देऊन ठरवले, त्यात विनामूल्य कामाचाही उल्लेख होता. ती गुणपद्धत २०२५ मध्ये गेली, पण नोंद ठेवायची सवय सोडू नका. पत्राची एक प्रत सिनिअरला पाठवा. आणि वकिलाच्या कारकुनाचं नाव पत्रात जरूर घाला. नकला त्याने काढल्या, नाझरकडे (कोर्टाच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याकडे) तो गेला, बेलिफाला पत्ता त्याने दाखवला. कारकुनाचं नाव छापलेलं पत्र मी पहिल्यांदा दिलं तेव्हा वकिलापेक्षा कारकून जास्त खूश होता, आणि त्यानंतर त्या ऑफिसातून समितीच्या कामाला कधी ‘उद्या बघू’ ऐकावं लागलं नाही.

सत्कारात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, बार कौन्सिलचा नियम ३६. वकिलाने जाहिरात करायची नाही, आणि चालवत असलेल्या केसच्या संदर्भात वर्तमानपत्रात मजकूर किंवा फोटो छापून आणायचे नाहीत. समितीने वर्षभराच्या कामाबद्दल सत्कार करणं वेगळं, आणि ‘अमुक केस विनामूल्य लढवणारे वकील’ म्हणून फोटो छापून येणं वेगळं. बातमी दिलीच तर समितीच्या नावाने द्या, कुठल्याही केसचा उल्लेख न करता.

दुसरं, पक्षकार. त्याला स्टेजवर बोलावून दोन शब्द बोलायला लावू नका. पोटगी मिळालेल्या बाईला माईक हातात देऊन वकीलसाहेबांचे आभार मानायला सांगणं मला बघवत नाही. शिवाय पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने गोपनीय आहे. लहान कोर्टात नाव न घेताही ‘ती अमक्या खात्यातल्या नवऱ्याची केस’ एवढ्यावरून सगळ्यांना कळतं. भाषणात ‘एक कौटुंबिक प्रकरण’ पुरे.

आणि कुणी फुकट म्हणून फाइल घेऊन पक्षकाराकडून मागच्या दाराने पैसे घेतो असं कानावर आलं, तर आधी पक्षकाराला एकटं बसवून विचारा. खरं निघालं तर नाव यादीतून काढा आणि तक्रार करायची की नाही हे पक्षकाराला ठरवू द्या, त्याला लागेल ती मदत करा.

फाइल परत घ्यायची वेळ तशीही येते. वकिलाची बदली होत नसली तरी आजारपण असतं, बाळंतपण असतं, कधी नुसता कंटाळा असतो. कारण खोदून विचारू नका. वकीलपत्रावर ‘ना हरकत’ लिहून घ्या, त्याशिवाय नव्या वकिलाला कोर्टाची परवानगी मागत बसावं लागतं. रोजनाम्याची (दर तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची) प्रत काढा, मूळ कागद कुणाकडे आहेत ते सहीनिशी लिहून घ्या आणि फाइलच्या वर पुढची तारीख मोठ्या अक्षरात चिकटवा. जाणाऱ्या वकिलालाही तेच पत्र द्या, त्याने जेवढं काम केलं तेवढ्याचं.