ब्लड टेस्टनंतर चक्कर येते आणि रक्त पण लवकर थांबत नाही, मग काय करायचं

सुई टोचली की डोळ्यापुढे अंधारी आणि वर रक्त पण थांबेना, मग लोक सांगड घालतात की बीपी लो आहे म्हणूनच रक्त गोठत नसणार. तसं नसतं, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. बीपी 90/60 च्या खाली गेलं की लो म्हणतात, पण काहींचं कायमच तेवढं असतं, काही त्रास नसेल तर त्यात बिघडत नाही.

चक्कर रक्त गेल्यामुळे येते हे तर डोक्यातून काढाच, टेस्टला सहसा जेमतेम 5-10 मिली घेतात, अंगात असतं 5 लिटरच्या आसपास. होतं काय, सुईच्या धसक्याने व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी, ठोके मंद करणारी नस) जास्तच कामाला लागते, ठोके मंदावतात, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं. घाम, मळमळ, कानात गुंई असं व्हायला लागलं की सरळ आडवं व्हा, पाय वर, उगाच शूरपणा करून उठायचं नाही, पडून डोकं फुटतं ते तेव्हाच. दरवेळी होत असेल तर आधीच झोपून रक्त द्या आणि फास्टिंग असलं तरी साधं पाणी बहुतेक चालतं, ते पिऊन जा.

आता रक्त थांबवायचं. कापूस ठेवून कोपर दुमडून बसतात ना, तीच सवय नडते, हात सरळ केला की नुकती धरलेली गुठळी सुटते आणि काळंनिळं होतं. हात सरळ ठेवून दोन बोटांनी 5 मिनिटं सलग दाबा, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही. शिरेतलं भोक कातडीवरच्या भोकाच्या किंचित वर, म्हणजे खांद्याच्या बाजूला, असतं, म्हणून एक बोट थोडं वरच्या बाजूला हवं.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर 10 मिनिटं धरा, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका (ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या पेशींवरचा, परिणाम तसाही 7-10 दिवस राहतो).

15 मिनिटं नीट दाबूनही वाहतंय, सूज वाढतेय किंवा बोटांना मुंग्या येतायत तर लगेच डॉक्टरकडे. हिरड्यांतून रक्त, सारखा घोळणा फुटणं, पाळीत खूप जाणं असंही असेल तर तेही सांगा, मग ते प्लेटलेट, पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायच्या टेस्ट) करायला लावतील, म्हणजे परत सुई आलीच, फक्त यावेळी टोचायच्या आधीच लॅबवाल्यांना सगळं सांगून ठेवा.