गोधडी हाताने शिवायची आणि फोनवर विकायची: अंबाजोगाईहून नव्या मैत्रिणींसाठी

गोधडीचा पहिला फोटो मागच्या बाजूचा काढा. पुढून रंग दिसतात, मागून हात दिसतो. हातचा धावदोरा दोन्ही अंगांनी तुटक दिसतो, आणि टाक्यांची लांबी थोडी कमीजास्त असते. मशिनची शिलाई एका मापाची, सलग असते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला 'हँडमेड' या नावाखाली मशिनवरची रजईही दाखवली जाते. हा फरक तिला शब्दांत पटत नाही, जवळून काढलेल्या एका फोटोत पटतो.

अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांतल्या बाया शिवतात, आणि मी इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि पार्सलं सांभाळते. नव्याने सुरू करणाऱ्या पोरी मला आधी विचारतात, फॉलोअर कसे वाढवायचे? मी उलट विचारते, शिवणारे हात किती आहेत? पाच बाय सात फुटांची गोधडी, कडेपासून मध्यापर्यंत चौकोनी फेऱ्यांनी शिवलेली, घरचं-शेतातलं करून एका बाईला कित्येक आठवडे घेते. रील एका रात्रीत लाखभर लोकांपर्यंत जाऊ शकते, पण त्या रात्रीत एक गोधडीसुद्धा जास्त होत नाही. म्हणून जाहिरात हातांच्या वेगाने करायची, हे मी प्रत्येकीला सांगते.

आपल्याकडे हा वेग शेती ठरवते. मृगानंतर पेरणी, मग खुरपणी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची काढणी, त्यापाठोपाठ कापूस वेचणी आणि तूर. त्या दिवसांत सुई हातात घ्यायला कुणालाच सवड नसते. आणि गोधडीला मागणी नेमकी तेव्हाच, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत! यावर आमचा उपाय सरळ आहे. मोठ्या गोधड्या उन्हाळ्यात शिवून ठेवायच्या आणि शिवतानाचे व्हिडिओही तेव्हाच भरपूर काढायचे. थंडीत ते एकेक करून टाकायचे. व्हिडिओ इन्स्टाग्रामच्या ड्राफ्टमध्येच ठेवू नका, ड्राफ्ट फोनवरच असतात आणि अ‍ॅप काढलं की तेही जातात. गॅलरीत आणि गूगल ड्राइव्हवर प्रत हवी. ऐन काढणीत फक्त बाळाची दुपटी घ्यायची, तीन बाय तीन फुटांची. बाकीच्यांना प्रोफाइलवरच सांगायचं, 'मोठ्या गोधडीचं बुकिंग आता संक्रांतीनंतर.' लोक थांबतात. खोटी तारीख दिली तर मात्र परत येत नाहीत.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही, वेळ बरोबर लागते. आपल्या दुपारच्या उन्हात इरकलीचा गर्द हिरवा फिका पडतो आणि लाल भडक दिसतो. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला ओसरीवर, सावलीत, फोन उभा धरून काढा. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, एकात गोधडी बाजेवर अंथरा, म्हणजे आकार कळतो.

आवाजाचंही एक आहे. बिझनेस अकाउंटला इन्स्टाग्रामवर सिनेमाची बरीच गाणी वापरता येत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शिवताना बाया ओव्या म्हणतात, एकमेकींना चिडवतात, बांगड्या वाजतात. तोच आवाज ठेवा. बीड-लातूर सोडून शहरात गेलेली माणसं तो ऐकून थांबतात आणि आपल्या आजीबद्दल लिहितात.

पण आधी विचारा. बऱ्याच सुनांना, आणि काही सासवांनाही, चेहरा फोनवर आलेला चालत नाही. त्यांना आग्रह करू नका, नुसते हात दाखवा. जिला नाव हवं तिचं नाव जरूर लिहा, आणि जिला नको तिचं फोनबाहेर जाऊ देऊ नका. एकीच्या घरी यावरून वाद झाला, तर त्या वाड्यातल्या सगळ्याच जणी शिवणं सोडतील.

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा होते ती 'आमच्या आईच्या लुगड्यांची गोधडी करून द्याल का' अशी. या ऑर्डरीत पैसे बरे मिळतात, आणि जबाबदारी फार मोठी असते. गेलेल्या माणसाचं लुगडं बाजारात दुसरं मिळत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा, आतलं प्रत्येक कापड मोजून, पसरून दाखवा आणि तो लगेच गिऱ्हाइकाला पाठवा. कात्री लावण्याआधी मांडणीचा फोटो पाठवून स्पष्ट विचारा, 'हा पदर कापू का?' लेखी 'हो' आल्याशिवाय कापायचं नाही. जुनं सुती कापड मऊ असतं, बहुतेक त्याचा रंगही जाऊन थांबलेला असतो. नवं कापड जोडणार असाल तर आधी धुऊन रंग जातो का ते बघा. जॉर्जेट, नायलॉन सुईखाली सरकतं, ते आतल्या थराला नको. हे आधीच सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरी साडी शोधून पाठवतं. उरलेले तुकडे परत पाठवा, चिंधीसुद्धा.

किंमत पोस्टमध्येच लिहा. 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहिलं की निम्मी माणसं पुढे विचारतच नाहीत. किंमत काढताना मी आधी शिवणारीचे तास लिहिते आणि तिला गावातल्या खुरपणीच्या रोजापेक्षा कमी पडू देत नाही. मग दोरा, अस्तर, पॅकिंग, टपाल. सुती गोधडी जड असते, म्हणून वजन करून टपालखर्च आधीच सांगा. 'आमच्या गावात याच्या निम्म्यात मिळते' अशी कमेंट येणारच. भांडू नका, तासांचा हिशोब लिहून उत्तर द्या. ते उत्तर बाकीचेही वाचतात.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर 'आमचा नंबर सेव्ह करा' हे लिहाच. पैसे देऊन जाहिरात करायची तर तयार माल घरात असेल तेव्हाच, आणि एखाद-दुसरं शहर निवडून.

फसवणुकीबद्दल नीट ऐका. 'मी सैन्यात आहे, सगळा माल घेतो, पैसे पाठवायला क्यूआर पाठवतो, स्कॅन करा' असा फोन येतो. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून ठेवा. 'कॉपीराइटमुळे तुमचं अकाउंट बंद होईल, इथे क्लिक करा' हा मेसेजही बहुधा फसवाच असतो. पैसे गेलेच तर उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट खाजगी असतात. बचत गटात असाल तर उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, लोकांशी बोला, गटांचा माल विकणाऱ्या सरस प्रदर्शनात जागा मिळाली तर स्टॉलवर इन्स्टाग्रामचा क्यूआर मोठा छापून लावा. तिथे हात लावून बघितलेली बाई नंतर फोनवरून बिनधास्त मागवते.

अकाउंट हॅक होतं, कधी कारण न कळता बंदही पडतं. म्हणून गिऱ्हाइकांची साधी वही करा: नाव, नंबर, काय घेतलं, घरात कुणाचं लग्न-बारसं आहे का. यंदाच्या उन्हाळ्यात बाया शिवायला बसल्या की पहिला मेसेज या वहीतल्या लोकांना जाऊ द्या, रील त्यानंतर.