हायब्रिड गाडी सुरूच होईना: दोष छोट्या बॅटरीचा निघाला

पंधरा दिवस पुण्याला लेकीकडे राहून इंदिरानगरला परतलो, तर रिमोट दाबूनही गाडी गप्प. रिमोटमधली लोखंडी चावी काढून दार उघडलं. डॅशबोर्ड मिणमिणला, ‘रेडी’ची खूण काही येईना. हायब्रिडची विजेची मोटर चालवणारी मोठी बॅटरी गेली असणार, या विचाराने पोटात गोळाच आला. जुन्या गाडीवर एवढा खर्च कसा करायचा?

आधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टची छोटी बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर! पण बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाखाली तिचं पॉझिटिव्ह टोक असतं. तिथे जेमतेम ९.४ व्होल्ट, म्हणजे दोष या छोटीचाच. जीव भांड्यात पडला.

ही बॅटरी इंजिन फिरवत नाही; कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडते. शेजारच्या काकांच्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायला जंपर केबल लावल्या: लाल त्या टोकाला, काळी इंजिनच्या उघड्या धातूला. उलटं जोडलं तर मोठ्या बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टरच जायचा, म्हणून दोनदा तपासलं. उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना तर हातही लावू नये.

ब्रेक दाबून बटण दाबलं, ‘रेडी’ उजळलं. मीटरवर १४ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक. सात वर्षांची ती बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलली. एजीएमच (आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, सीलबंद) घेतली आणि बॅटरीतला गॅस बाहेर सोडणारी नळी नीट बसवून घेतली.