थापा आडनावाचा माग कसा काढायचा: पाल्पापासून आल्डरशॉटपर्यंत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला मुलगा सातवीत आहे, आडनाव थापा, जन्म पुण्यातला, आजोबा डेहराडूनला. जूनमध्ये शाळा बदलली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात सुरू झालं, "ए थापा, थापा मारू नको". घरी येऊन रडला आणि आईला म्हणाला माझं आडनाव बदलून टाका. मला ते ऐकून इतकं वाईट वाटलं की त्या रविवारीच त्याला वही-पेन घेऊन बोलावलं, म्हटलं चल, तुझं आडनाव कुठून निघालं आणि कुठं कुठं पोचलं ते आपण दोघं शोधू. चार महिने रविवारी सकाळी हेच केलं. कोणाला थापाच नाही तर गुरुंग, राई, कार्की असं कुठलंही नेपाळी आडनाव शोधायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून आमची पद्धत लिहितेय, आमच्या चुकांसकट.

पहिली चूक आम्ही पहिल्याच दिवशी केली. आडनावांचे नकाशे दाखवणारी एक साइट उघडली, थापा टाइप केलं, जगाचा नकाशा रंगला, नेपाळ गडद, भारत गडद, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, पोरगं एकदम खूश. पण त्यातून कळलं काहीच नाही. अशा साइट्सचे आकडे बरेचसे अंदाज असतात आणि मुख्य म्हणजे त्या सगळे थापा एकाच टोपलीत टाकतात. तर नकाशा शेवटी उघडायचा. सुरुवात घरातून.

नेपाळमध्ये तुम्ही थापा म्हणून ओळख करून दिलीत की समोरचा लगेच विचारतो, "कुन थापा?" म्हणजे कुठले थापा. कारण हे आडनाव दोन वेगळ्या समाजांत आहे. एक क्षेत्री थापा, जानवं घालणारे, खस समाजातले, यांची मुळं पश्चिमेला कर्णालीच्या खोऱ्यात, सिंजाच्या जुन्या खस राज्याकडे जातात आणि यांची मूळ बोली तीच आजची नेपाळी. दुसरे मगर थापा, यांचा मुलुख पाल्पा, स्याङ्जा, तनहूँ हा मध्य-पश्चिम डोंगराळ भाग, ज्याला पूर्वी मगरात म्हणायचे, यांची स्वतःची मगर ढुट भाषा आहे, ती तिबेटी-बर्मी कुळातली. १८५४ च्या मुलुकी ऐनने म्हणजे नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या काळातल्या कायद्याने या दोघांना दोन वेगळ्या पायऱ्यांवर ठेवलं, एकाला तागाधारी म्हणजे जानवं घालणारे, दुसऱ्याला मतवाली म्हणजे दारू पिणारे. आडनाव तेच, पण घरातले देव, लग्नाचे नियम, भाषा सगळं वेगळं. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत क्षेत्री १६ टक्क्यांच्या वर आहेत आणि मगर ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन्ही मोठेच समाज.

त्यामुळे घरच्या मोठ्या माणसांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, आणि त्यांना सांगता आलं नाही तर उपथर विचारायचा. थर म्हणजे आपल्याकडचं कूळ-आडनाव धरा. बगाले, गोदार, लामिछाने, सुयाल असं काही आलं तर बहुधा क्षेत्री थापा. सारू, सिंजाली असं आलं तर मगर. तेही आठवत नसेल तर लग्नाचं विचारा. मगर लोकांत मामाच्या मुलीशी लग्न करायची जुनी रीत आहे, अगदी आपल्याकडे बऱ्याच समाजांत चालतं तसंच, आणि क्षेत्री घरांत ते चालत नाही. मी मुलाच्या आजोबांना फोनवर हे विचारलं तर ते हसून म्हणाले, "अरे मेरी माँ और मेरी दादी एक ही घर की थीं", म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न, म्हणजे बहुधा मगर, आणि मला तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

फक्त अर्धं, कारण त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट चालत आलेली की आपण भीमसेन थापाचे वंशज. भीमसेन थापा म्हणजे १८०६ ते १८३७ नेपाळचा मुख्तियार, एक प्रकारे पंतप्रधानच, काठमांडूचा धरहरा मनोरा त्याच्याच काळातला, जो २०१५ च्या भूकंपात कोसळला. पण भीमसेन बगाले थापा, म्हणजे क्षेत्री. प्रसिद्ध माणूस आडनावात सापडला की त्याच्याशी नातं जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, आपल्याकडे नाही का प्रत्येक भोसल्याला वाटतं. वहीत अशी गोष्ट लिहा जरूर, पण "घरात सांगतात" या रकान्यात लिहा. आणि एकाच नावाच्या दोन माणसांपासून सावध राहा, नेपाळच्या इतिहासात अमरसिंह थापा दोन आहेत, एक भीमसेनचे वडील आणि दुसरे बडाकाजी, जे कांगड्यापर्यंत गेले आणि १८१५ साली मलाऊंच्या किल्ल्यावर ब्रिटिशांशी लढले. आम्ही दोन आठवडे त्यांना एकच समजत होतो.

आता कागद. नेपाळमधून आलेल्या घरात सगळ्यात कामाचा कागद म्हणजे नागरिकता प्रमाणपत्र, त्यावर जिल्हा, गाविस म्हणजे गाव विकास समिती आणि वडा म्हणजे वॉर्ड नंबर असतो, वडिलांचं नाव असतं. दोन गोष्टींत लोक अडकतात. २०१७ साली गाविस बंद होऊन गाउँपालिका आणि नगरपालिका आल्या, त्यामुळे जुनं गाव आजच्या नकाशावर त्या नावाने सापडत नाही, आधी ते कुठल्या पालिकेत गेलं ते बघा. आणि तारीख विक्रम संवतात असते. वैशाखापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची असेल तर ५६. म्हणजे २०१७ साल लिहिलंय म्हणून कोणी परवाच नागरिक झालेला नसतो, ते १९६० आहे!

ज्यांचे पूर्वज शंभर वर्षांपूर्वी भारतात आले त्यांच्याकडे मात्र यातलं काहीच नसतं, आणि सीमेवर शोधूनही मिळत नाही, कारण ती सीमा तेव्हाही उघडीच होती आणि १९५० च्या भारत-नेपाळ करारानंतरही उघडीच आहे, व्हिसा-पासपोर्टचा प्रश्नच नाही, मग नोंद कुठली राहणार. तिथं एकच दार, पलटण.

पलटणीचा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला. परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला नेपाळीत लाहुरे म्हणतात, लाहोरला रणजितसिंहाच्या फौजेत जाणारे म्हणून लाहुरे. १८१५ साली मलाऊं पडल्यावर ब्रिटिशांनी गोरखा पलटणी उभ्या केल्या, नसिरी, सिरमूर, कुमाऊं, आणि थापा आडनाव जगभर नेलं ते मुख्यतः या पलटणींनी. १९४७ साली वाटणी झाली, दहापैकी सहा रेजिमेंट भारताकडे आल्या (पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी, नववी) आणि चार ब्रिटनकडे गेल्या (दुसरी, सहावी, सातवी, दहावी). पुढच्या वर्षी भारताने अकरावी उभी केली. माग काढणाऱ्याला यातलं मोलाचं काय, तर नवव्या गोरखामध्ये परंपरेने खस, म्हणजे क्षेत्री-ठकुरी घेत, आणि पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, आठवी यांत मुख्यतः मगर आणि गुरुंग. सातवी-दहावी म्हणजे पूर्वेकडचे राई-लिंबू. त्यामुळे आजोबा-पणजोबा नवव्यात असतील तर क्षेत्री थापा असण्याची शक्यता जास्त, आठव्यात असतील तर मगर. पक्का पुरावा नाही हा, कारण भरती व्हायला मिळावं म्हणून काही पोरं दुसऱ्याच जातीचं नाव सांगायची, पण दिशा मिळते.

मुलाच्या बाबांना त्यांच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेली नोंदवही, सापडलं, ते दिवाळीत डेहराडूनहून घेऊन आले. खाकी कव्हर, कडा वाळवीने खाल्लेल्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. आत नंबर, आठवी गोरखा, जिल्हा पाल्पा, आणि क्लासच्या म्हणजे जात-जमातीच्या रकान्यात निळ्या शाईने मगर. मुलगा त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसला. भीमसेन हातचा गेला याचं त्याला जरा वाईट वाटलं होतं. मग मी त्याला कुलबीर थापाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या गोरखाचा रायफलमन, पाल्पाचाच मगर, सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समध्ये स्वतः जखमी असताना शत्रूच्या खंदकापलीकडे पडलेल्या एका जखमी इंग्रज शिपायाजवळ रात्रभर थांबला आणि त्याला परत आणलं, आणि आणखी दोन गोरखे आणले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेला तो पहिला गोरखा शिपाई. नातं आहे असं आम्ही कुठंही लिहिलं नाही, फक्त जिल्हा एक आहे एवढंच लिहिलं.

तुमच्याकडे डिस्चार्ज बुक नसेल तर नंबर आणि रेजिमेंट घेऊन रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो. पहिली-चौथीचं केंद्र सबाथू, तिसरी-नववीचं वाराणसी, पाचवी-आठवीचं शिलाँग, अकरावीचं लखनऊ. नंबर फार महत्त्वाचा आहे, कारण एकाच पलटणीत तेच नाव आणि थापा असे कितीतरी असायचे, ब्रिटिश गोरखांमध्ये तर माणसाला नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायची पद्धत पडली. महायुद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनावाने फुकट शोधता येतं. तिथं थापा टाकलं की पानंच्या पानं येतात, आणि आडनाव परदेशी पसरलं म्हणजे काय ते खरं तिथं दिसतं. दुसऱ्या महायुद्धात तीन थापांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: लालबहादूर थापा दुसरी गोरखा, ट्युनिशिया १९४३. नेत्रबहादूर थापा पाचवी, मणिपूरची आघाडी १९४४, मरणोत्तर. शेरबहादूर थापा नववी, सान मारिनो १९४४, मरणोत्तर. आणि १९६२ ला लडाखमध्ये पँगाँग तलावाच्या काठी सिरिजापची चौकी लढवणारे आठव्या गोरखाचे मेजर धनसिंह थापा, ज्यांना परमवीर चक्र मिळालं, सगळ्यांना वाटलं ते गेले, पण ते युद्धकैदी होते आणि जिवंत परत आले. ते जन्मले शिमल्यात. आजोबांचीच पलटण म्हटल्यावर पोराचे डोळे असे चमकले काय सांगू.

हे सगळं झाल्यावर मग नकाशा उघडा, आणि प्रत्येक ठिपक्याला विचारा की तू इथं कसा आलास. भारतात डेहराडून, धर्मशाळा, शिलाँग हे ठिपके छावण्यांभोवतीचे. दार्जिलिंगचा चहाच्या मळ्यांचा. आसामचाही जुना आहे, बॉक्सर शिव थापा गुवाहाटीचा. ब्रिटनचा ठिपका नवा आहे: १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्या गोरखांना तिथं राहायची परवानगी २००४ मध्ये मिळाली, आणि त्याआधी निवृत्त झालेल्यांना मोठं आंदोलन झाल्यावर २००९ मध्ये, म्हणून आल्डरशॉट, फोकस्टन, रेडिंग इथं सगळे आजी-आजोबा एकदम पोचले. हाँगकाँगमध्ये १९९७ पर्यंत पलटण होती, १९८३ च्या आधी तिथं जन्मलेल्या मुलांना राहायचा हक्क मिळाला, त्यामुळे शहरातल्या युएन लाँग आणि जॉर्डन या भागांत नेपाळी वस्ती आहे. याउलट सिंगापूरच्या पोलिसांत १९४९ पासून गोरखा तुकडी आहे, पण नोकरी संपली की कुटुंबासकट नेपाळला परतावं लागतं, म्हणून तिथं आडनाव रुजलंच नाही. कतार, सौदी, मलेशियात लाखोंनी नेपाळी कामगार आहेत पण तेही करार संपला की परत. नकाशावर गडद दिसलं म्हणजे वस्ती आहे असं नाही, हे ध्यानात ठेवा.

ऑस्ट्रेलियात पलटणीचा काही संबंध नाही, तिथं विद्यार्थी म्हणून गेलेली पोरं आहेत, २०२१ ला नेपाळात जन्मलेले १ लाख २२ हजारांच्या वर मोजले गेले. अमेरिकेत मात्र नीट बघा. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सचा थापा बहुधा काठमांडूकडून आलेला असेल, पण ओहायोतल्या कोलंबस नाहीतर अॅक्रनचा थापा भूतानचा असू शकतो. भूतानने १९९० च्या सुमाराला हाकललेले नेपाळी भाषिक पूर्व नेपाळच्या छावण्यांत जवळपास वीस वर्षं राहिले आणि २००८ च्या आसपास तिकडे वसवले गेले. त्यांना नेपाळची नागरिकता विचारू नका, त्यांच्याकडे ती नव्हतीच, आणि तो प्रश्न त्यांना दुखतो.

स्पेलिंगचं एवढंच की जुन्या इंग्रजी कागदांत थाप्पा असंही लिहिलेलं असतं, तेही शोधा, आणि पंजाबी थापर वेगळे. प्रधान किंवा अधिकारी आडनाव शोधणाऱ्यांना याहून जास्त त्रास आहे, कारण प्रधान दार्जिलिंग-सिक्कीमच्या नेवार समाजातले पण आहेत, ओडिशातले पण आणि आपले सीकेपी पण.

आमच्या वहीत एक पान अजून कोरं आहे, पाल्पातलं मूळ गाव. आजोबांची मोठी बहीण तिथं आहे, कानाने कमी ऐकते, पण भाईटीकेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, सगळे तिच्याकडे जमतात आणि कोणीतरी व्हिडिओ कॉल लावतं. यंदा आजोबांचं डिस्चार्ज बुक आणण्याच्या गडबडीत तो दिवस हातचा गेला. वयं विचारून उपयोग नाही, तिला सन माहीत नाहीत, म्हणून विचारायचं की तुझे बाबा नब्बे सालच्या (विक्रम संवत १९९०) भुइँचालोच्या म्हणजे भूकंपाच्या आधीचे का नंतरचे, १९३४ चा भूकंप त्या पिढीच्या प्रत्येकाला घरून ऐकून माहीत असतो. मुलगा आत्तापासून दुसरा प्रश्न नेपाळीत पाठ करतोय, रोज जिन्यात भेटला की मला म्हणून दाखवतो, "हाम्रो मूलघर कहाँ हो?"